घराच्या सौद्यात दलाल नेमका कोणाचा? या चुका टाळा

हिंगणघाट किंवा पुसदच्या आसपासच्या खेड्यांत जुन्या घराचा सौदा बहुधा ओळखीच्या दलालामार्फतच होतो, आणि त्याचे दोन्ही घरी जाणे-येणे असल्यामुळे तो कोणाच्या वतीने बोलतो, हे विचारणे दोन्ही पक्षांना अवघड वाटते. तरीही ते पहिल्याच भेटीत विचारावे. घेणारा विश्वासाने 'नऊ लाखांपर्यंत जाऊ' असे सांगून बसतो, आणि दलाल विक्रेत्याने नेमलेला असेल तर तो आकडा विक्रेत्यापर्यंत पोहोचणारच. त्यात दलालाला दोष देता येत नाही.

दलाली आपण देतो म्हणून तो आपलाच, हा समज सर्वांत महागात पडतो. आपल्याकडे दलाली बहुतेकदा दोन्ही बाजूंकडून घेतली जाते. त्यामुळे तो कोणासाठी काम करतो आणि कोणाकडून किती घेणार, हे साध्या कागदावर लिहून दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात.

विक्रेत्याला आठ लाख सांगायचे, घेणाऱ्याकडून पावणेनऊ घ्यायचे आणि मधली रक्कम खिशात घालायची, हा प्रकार दोन्ही पक्षांची गाठ पडू न दिल्यामुळेच साधतो. इसारापूर्वी समोरासमोर बसण्यास दलाल टाळाटाळ करू लागला, तर सौदा तेथेच थांबवावा. विक्रेत्याचा दलाल नातेवाइकाच्या नावावर स्वतःच घर घेत असल्याचे उघड झाले, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २१५ नुसार, महत्त्वाची गोष्ट लपवली असल्यास किंवा व्यवहार नुकसानीचा ठरल्यास, विक्रेत्याला तो नाकारता येतो. कामात गैरवर्तन करणाऱ्याला त्या कामाची दलालीही मागता येत नाही (कलम २२०).

इसार दलालाच्या हाती रोख देऊ नये. तो मालकाच्या बँक खात्यात भरावा. पैसे स्वीकारण्याचा अधिकार दलालाला नसेल, तर त्याला दिलेली रक्कम मालकाला मिळाली असे सहसा धरले जात नाही. मालक नागपूर-पुण्याला राहतो म्हणून आममुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद) दाखवले गेले, तर त्यात रक्कम घेण्याचा अधिकार आहे का ते वाचावे आणि मालक हयात असल्याची खात्री करावी, कारण त्याच्या मृत्यूनंतर असा अधिकार सामान्यतः संपतो.

तालुक्याच्या ठिकाणी लेआउटमधला प्लॉट घेताना मात्र नियम वेगळे आहेत. प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेला असेल, तर तो विकणाऱ्या एजंटलाही स्वतःची नोंदणी बंधनकारक आहे आणि तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो. गावातल्या जुन्या घराच्या फेरविक्रीला ही सोय नाही.