सोयाबीनवरची अळी, निंबोळी आणि पानाचं स्वतःचं विष

पावसानं उघडीप दिली की शिरोळ-हातकणंगल्याकडचं सोयाबीन भराभर वाढतं आणि पाठोपाठ पानं खाणारी अळी येते. दुकानात जायच्या आधी रानात उतरा, पानं उलटून बघा. भुरकट केसांनी झाकलेला अंड्यांचा पुंजका किंवा खरवडून जाळी झालेलं पान दिसलं तर तोडून तिथंच नष्ट करा. एका पुंजक्यात शेकडो अंडी असतात. अळ्या एकदा रानभर पांगल्या की वेचणं हाताबाहेर जातं.

झाडही गप्प बसत नाही. टोमॅटोचं एक पान किडीनं कुरतडलं तर बाकीच्या पानांतही अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार होतात, हे 1972 सालीच दाखवून झालंय. सोयाबीनच्या पानातही अशी राखणदार द्रव्यं असतात. म्हणून कळकळीनं सांगतो, वरून युरिया मारू नका. रान काळंभोर दिसतं खरं, पण ते पान लुसलुशीत, अळीला गोड. शिवाय सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी हवेतला नत्र पुरवतच असतात.

काहीजण तंबाखूचा काढा फवारतात. तंबाखू मुळांत निकोटीन बनवून पानात साठवते, पण आपल्या या अळीला ते पचतं. तिचं नावच ‘तंबाखूवरील पाने खाणारी अळी’! उलट निकोटीन फवारणाऱ्याच्या कातडीतून अंगात जातं. तो काढा नकोच.

निंबोळीचं तसं नाही. तिच्यातल्या अझाडिरॅक्टिनमुळे अळीचं खाणं सुटतं, कात नीट टाकता येत नाही. सावलीत वाळवलेल्या निंबोळीची 5 किलो भरड 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून दाबून गाळा. त्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला आणि एकूण द्रावण 100 लिटर करा. 15 लिटरच्या पंपाला पाऊण किलो भरड पुरते. अर्क त्याच दिवशी संपवा.

उन्हात हे द्रव्य लवकर विरतं, त्यामुळे फवारणी चारनंतर, पानाच्या खालूनही. आभाळ भरलं असेल तर थांबा. लगेच सर आली तर सगळं धुऊन जाईल. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसतील, घाबरू नका. पान नव्यानं कुरतडलंय का तेवढं बघा. बोटाएवढ्या झालेल्या अळ्यांवर मात्र निंबोळी फारशी चालत नाही, तेव्हा कृषी सहायकांना रान दाखवूनच औषध ठरवा.