जुन्या होल्डरमधल्या नाण्याची श्रेणी कशी तपासावी

ग्रेडिंग झालेले, म्हणजे परीक्षकांनी श्रेणी ठरवून आकड्याच्या लेबलासह पारदर्शक डबीत (होल्डरमध्ये) बंद केलेले, अमेरिकन नाणे विकत घेताना बहुतेक संग्राहक आधी लेबलावरचा आकडा पाहतात आणि मग नाणे. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे, कारण तो आकडा म्हणजे त्या वेळच्या परीक्षकांनी दिलेला अभिप्राय असतो आणि परीक्षकांची नजर काळाबरोबर बदलत आलेली आहे.

विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेली १ ते ७० ही मोजपट्टी मुळात अमेरिकेच्या जुन्या, मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी होती आणि ती थेट किमतीशी जोडलेली होती. ७० श्रेणीच्या नाण्याची किंमत १ श्रेणीच्या नाण्याच्या ७० पट धरायची. किमतीचे ते गणित पुढे मोडले, आकडे मात्र राहिले. अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनच्या १९७७ च्या मार्गदर्शिकेत चलनात न आलेल्या नाण्यांसाठी ६०, ६५ आणि ७० एवढ्याच पायऱ्या होत्या. पीसीजीएस आणि एनजीसी या १९८०च्या दशकात निघालेल्या, नाण्यांची श्रेणी ठरवणाऱ्या कंपन्यांच्या काळात मधला प्रत्येक आकडा रूढ झाला आणि २०१० मध्ये त्यात ‘प्लस’ची, म्हणजे त्या श्रेणीतल्या वरच्या टोकाच्या नाण्यासाठीच्या खुणेची, भर पडली. पायऱ्या जवळ आल्या तसे दोन पायऱ्यांच्या उंबरठ्यावरचे नाणे होल्डर फोडून पुन्हा पाठवण्याचे प्रमाण वाढले. एकच नाणे दोनदा ६४ आणि तिसऱ्यांदा ६५ ठरले, तर बाजारात ते ६५ म्हणूनच फिरते. आधीचे दोन अभिप्राय कोणाला दिसत नाहीत. जुनी लेबले कंपनीकडे परत गेली नाहीत, तर कोणत्या श्रेणीची किती नाणी तपासली हे दाखवणाऱ्या कंपनीच्या गणनेच्या तक्त्यात तेच नाणे तीनदा मोजले जाते.

म्हणून सर्वप्रथम होल्डरचा काळ ठरवावा आणि प्रमाणपत्राचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहावा, कारण नकली होल्डरही बाजारात येतात. पीसीजीएसच्या सुरुवातीच्या छोट्या होल्डरमध्ये नाणे खडखडते, म्हणून संग्राहक त्याला ‘रॅटलर’ म्हणतात. त्यानंतरची हिरव्या लेबलांची पिढी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत चालली. जुन्या होल्डरमधली श्रेणी कडक असते, हा समज पुष्कळदा खरा ठरतो, परंतु तो सरसकट मानू नये. वरच्या श्रेणीला पात्र असलेली पुष्कळ नाणी व्यापाऱ्यांनी केव्हाच फोडून पुन्हा पाठवली आहेत, तेव्हा आज जुन्या होल्डरमध्ये उरलेल्या नाण्यांत त्या चाळणीतून मागे राहिलेलीही असतात.

आता लेबल बोटाने झाकून नाणे पाहावे. उदाहरणादाखल मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर, घ्या. खोलीतले इतर दिवे मालवून एकाच दिव्याखाली नाणे हळूहळू कलते करावे. मूळ चमक शाबूत असेल, तर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा नाण्यावरून फिरतो. पुढच्या बाजूवरच्या लिबर्टीच्या (स्वातंत्र्यदेवीच्या) कानावरचे केस आणि मागच्या बाजूला गरुडाची छाती या उंच जागी तो पट्टा तुटून पृष्ठभाग करडा, मंद दिसला तर ती झीज समजावी. केस सपाट दिसूनही चमक त्यांच्यावरून अखंड वाहत असेल तर ठसाच कमकुवत उमटलेला आहे. न्यू ऑर्लिन्स टांकसाळीच्या डॉलरांत हे वारंवार आढळते. सर्वांत जास्त वेळ गालावर द्यावा, कारण त्या मोकळ्या, गुळगुळीत जागेवर पोत्यात एकमेकांवर आदळलेल्या नाण्यांचे घाव चटकन उठून दिसतात. त्यानंतर पाचपट भिंगातून पाहून आपली श्रेणी कागदावर लिहावी आणि मगच लेबलावरचे बोट काढावे.

सीएसी ही संस्था २००७ पासून असे दुसरे मत स्टिकरच्या रूपाने देते. हिरवा स्टिकर श्रेणी भक्कम असल्याचे सांगतो, तर सोनेरी स्टिकर नाणे लेबलावरच्या श्रेणीपेक्षा वरचे असल्याचे. तोही अखेर अभिप्रायच आहे, पण उपयोगाचा आहे.

भाव ठरवताना नुसत्या किंमतसूचीवर न जाता त्याच पिढीच्या होल्डरमधल्या नाण्यांचे लिलावातले भाव आणि छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. श्रेणी वाढेल या आशेने रॅटलर फोडण्याआधी तर हे नक्कीच करावे. श्रेणी खाली येण्याचा धोका असतोच, शिवाय त्या जुन्या होल्डरसाठीच काही संग्राहक जास्त पैसे मोजतात आणि एकदा फुटला की तो परत मिळत नाही.