औषधी रसायनशास्त्राचा शोधनिबंध कसा वाचावा: सोफोसबुविरच्या निमित्ताने

एम.फार्म. किंवा एम.एस्सी.च्या वर्गात 'जर्नल क्लब'ची, म्हणजे एखादा शोधनिबंध वाचून वर्गापुढे मांडण्याची, पाळी आली की बहुतेक विद्यार्थी शोधनिबंध पहिल्या ओळीपासून वाचायला घेतात आणि तिसऱ्या-चौथ्या पानावरच्या कोष्टकापाशी अडकून बसतात. माझेही अनेक वर्षे तसेच होत असे. शोधनिबंध छापला जातो तो एका सरळ रेषेत, पण त्यामागचे काम अडचण, निवड आणि तडजोड यांतून पुढे गेलेले असते. म्हणून वाचतानाही आधी अडचण शोधावी, मग संशोधकांनी केलेल्या निवडी तपासाव्यात आणि प्रस्तावना शेवटी वाचावी, असे माझे मत झाले आहे. उदाहरणासाठी मी एकच निबंध घेतो. हिपॅटायटिस सी या विषाणूवरील एका रेणूविषयीचा हा निबंध मायकेल सोफिया आणि फार्मासेट कंपनीतील त्यांचे सहकारी यांनी २०१० साली 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त प्रसिद्ध केला. तिथे तो रेणू पीएसआय-७९७७ या क्रमांकाने ओळखला जातो. सोफोसबुविर हे त्याचे नाव नंतरचे.

लक्ष्य आणि अडचण

निबंध उघडण्यापूर्वी औषधाचे लक्ष्य कोणते, हे वहीत एका ओळीत लिहावे. हिपॅटायटिस सी विषाणूचा आरएनए सुमारे ९,६०० न्यूक्लिओटाइडांचा असतो. त्यापासून जवळपास ३,००० अमिनो आम्लांचे एकच लांबलचक प्रथिन बनते आणि त्याचे तुकडे होऊन दहा प्रथिने तयार होतात. यशस्वी औषधांनी यांपैकी तीन ठिकाणी घाव घातला. नाव पाहूनही हे ओळखता येते: ज्याच्या शेवटी 'प्रेविर' येते ते एनएस३/४ए या प्रथिन तोडणाऱ्या प्रोटिएजवर, 'आस्विर' असेल तर एनएस५ए या प्रथिनावर आणि 'बुविर' असेल तर एनएस५बी या पॉलिमरेजवर काम करते. आपला रेणू तिसऱ्या गटातला, म्हणजे विषाणूच्या आरएनएची नक्कल काढणाऱ्या यंत्राला खोटा सुटा भाग पुरवणारा आहे.

आता अडचण. फार्मासेटकडे आधीपासून पीएसआय-६१३० हा सायटिडिनसदृश, म्हणजे आरएनएच्या एका सुट्या भागासारखा दिसणारा, रेणू होता. पेशीत त्याचा काही भाग युरिडिनसदृश रूपात बदलतो, असे अभ्यासात दिसले. हे युरिडिन रूप वेगळे बनवून पेशींना दिले, तर विषाणूवर काहीच परिणाम होत नसे. परंतु त्याच रूपाला तीन फॉस्फेट गट जोडून होणारे ट्रायफॉस्फेट पॉलिमरेजला चांगले रोखत होते आणि मानवी यकृतपेशींत त्याचा अर्धायुकाल ३८ तास भरत होता. सायटिडिन रूपाच्या ट्रायफॉस्फेटचा अर्धायुकाल मात्र ४.७ तासच होता. म्हणजे शेवटचा पदार्थ उत्तम, पण तिथवर पोहोचण्याची वाट बंद! पेशीतील किनेज हे विकर (एन्झाइम) पहिला फॉस्फेट गट जोडायलाच तयार नव्हते, हे त्याचे कारण. तो पहिला गट प्रयोगशाळेतच जोडून द्यावा, तर ऋण प्रभारामुळे रेणू पेशीच्या आवरणातून आत जात नाही. ही कोंडी नीट समजल्याखेरीज पान उलटू नये, कारण पुढची सगळी कोष्टके ती फोडण्यासाठीच मांडलेली आहेत.

रेणू हाताने काढावा

छापील रचनेकडे नुसते पाहून काही कळत नाही. कोऱ्या कागदावर ती स्वतः काढावी आणि वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी तिचे भाग पाडावेत. एका रंगात युरॅसिल. दुसऱ्या रंगात शर्करा, जिच्या २' स्थानावर हायड्रॉक्सिल नसून खाली फ्लोरिन आणि वर मिथाइल आहे. या मिथाइलमुळे पुढचा न्यूक्लिओटाइड जोडला जात नाही. ३' हायड्रॉक्सिल जागेवर असूनही साखळी तिथेच थांबते. तिसऱ्या रंगात फॉस्फरस. चौथ्या रंगात त्याच्यावरचे वेष्टन: एका बाजूला फिनॉल, दुसऱ्या बाजूला एल-ॲलानिनचा आयसोप्रोपिल एस्टर. ऋण प्रभार झाकण्याची ही युक्ती कार्डिफ विद्यापीठातील क्रिस मॅक्गुइगन यांच्या 'प्रोटाइड' पद्धतीवर आधारलेली आहे.

मग याच चित्रावर वेष्टन उलगडण्याचा क्रम बाणांनी दाखवावा. यकृतपेशीत कॅथेप्सिन ए किंवा कार्बॉक्सिलएस्टरेज १ हे विकर आयसोप्रोपिल एस्टर तोडते. मोकळा झालेला कार्बॉक्सिलेट स्वतःच फॉस्फरसवर चाल करून फिनॉलला बाहेर ढकलतो. तयार झालेले अल्पजीवी वलय पाण्याने उघडते. आणि उरलेला फॉस्फरस-नायट्रोजन बंध हिंट१ हे विकर तोडते. हाती मोनोफॉस्फेट येते. पुढचे दोन फॉस्फेट गट पेशीतील विकरे विनातक्रार जोडतात.

इथे एक छोटे गणित करून पाहावे. सोफोसबुविरचा रेणुभार सुमारे ५२९, तर आतल्या न्यूक्लिओसाइडचा (युरॅसिल आणि शर्करा मिळून) सुमारे २६०. अर्थात ४०० मिलिग्रॅमच्या दैनिक मात्रेत खरा माल साधारण १९७ मिलिग्रॅम. निम्म्याहून अधिक वजन वेष्टनाचेच. सर्व रेणू उलगडले, तर त्यातून सुमारे ७१ मिलिग्रॅम फिनॉल सुटतो. हा आकडा डोळ्यांसमोर असला की वेष्टन निवडताना त्यातून सुटणाऱ्या तुकड्यांच्या विषारीपणाचा विचार का करावा लागतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कोष्टक

कोष्टक वाचताना प्रथम मथळा, मग एकक आणि शेवटी आकडे, हा क्रम कधीही मोडू नये. विद्यार्थिदशेत मी एका निबंधातील ईसी-९० ची तुलना दुसऱ्या निबंधातील ईसी-५० शी करून एक रेणू दहापट सरस असल्याचे भर वर्गात जाहीर केले होते. सरांनी फक्त एवढेच सांगितले, "दोन्ही कोष्टकांचे मथळे मोठ्याने वाच." मी वाचले आणि खाली बसलो. ईसी-५० म्हणजे विषाणूची वाढ निम्म्यावर आणणारी संहती, ईसी-९० म्हणजे ती एक-दशांशावर आणणारी; दोन्हींत आकडा जितका लहान तितका रेणू प्रभावी. वेगवेगळ्या प्रयोगशाळांतील आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नयेत.

आकडा कशावर मोजला, हेही पाहावे. विषाणूची ओळख १९८९ साली पटली, तरी तो पेशीसंवर्धनात वाढवणे त्यानंतर दहा वर्षे जमत नव्हते. १९९९ मध्ये जर्मनीत फोल्कर लोमान आणि राल्फ बार्टेनश्लागर यांनी ह्यूह-७ या यकृतअर्बुदाच्या पेशींत स्वतःची नक्कल करत राहणारा विषाणूचा आरएनए, म्हणजे 'रेप्लिकॉन', रुजवला आणि औषधांची चाचणी शक्य झाली. रेप्लिकॉनमध्ये संपूर्ण विषाणू तयार होत नाही. तेव्हा पेशीत शिरण्याची किंवा पेशीबाहेर पडण्याची पायरी तिथे मोजली जात नाही. पॉलिमरेजवरील रेणूसाठी ही उणीव अडत नाही, प्रवेश रोखणाऱ्या रेणूसाठी मात्र ही चाचणीच निरुपयोगी आहे.

त्यानंतर कोष्टकात कोणता गट बदलला आणि कोणते स्थिर ठेवले, ते पेन्सिलीने खुणावे. येथे अमिनो आम्ल, त्याचा एस्टर आणि फॉस्फरसवरचा फिनॉल अशा तीन जागा आहेत. एक जागा हलवताना बाकीच्या दोन तशाच ठेवलेल्या ओळी निवडून वाचल्या की रचना आणि परिणाम यांचा संबंध आपोआप उमगतो. खरी मेख मात्र पुढे आहे: रेप्लिकॉनमध्ये सर्वांत तेज ठरलेला रेणूच पुढे नेला जातो असे नाही. जठररसासारख्या द्रवात आणि रक्तद्रवात तो टिकला पाहिजे, यकृतपेशी फोडून मिळवलेल्या, विकरे असलेल्या एस-९ अर्कात मात्र लवकर तुटला पाहिजे. आणि प्राण्यांच्या यकृतात ट्रायफॉस्फेट किती साठते, ही कसोटी त्याहून वरची. पोटात टणक, यकृतात ठिसूळ. या परस्परविरोधी मागण्यांच्या रकान्यांसाठी मी दुप्पट वेळ राखून ठेवतो, कारण संशोधकांचा निर्णय तिथे घडलेला असतो.

फॉस्फरसचा डावा-उजवा

नवखे वाचक सहसा चुकवतात ती गोष्ट अशी की वेष्टन जोडल्यावर फॉस्फरस स्वतःच किरल केंद्र बनतो, म्हणजे त्याच्याभोवतीचे गट दोन वेगळ्या प्रकारे मांडले जाऊ शकतात. पीएसआय-७८५१ हे अशा दोन रूपांचे, म्हणजे डायास्टिरिओमरांचे, मिश्रण होते; त्यांना एसपी आणि आरपी म्हणतात. ते वेगळे केल्यावर एसपी रूप, म्हणजेच पीएसआय-७९७७, हे आरपी रूपापेक्षा रेप्लिकॉनमध्ये दहा पटींहून अधिक प्रभावी निघाले आणि त्याची रचना क्ष-किरण स्फटिकशास्त्राने निश्चित करण्यात आली. कुठल्याही फॉस्फोरामिडेटच्या (असा फॉस्फरस-नायट्रोजन बंध असलेल्या रेणूच्या) निबंधात 'मिश्रण' हा शब्द दिसला की तिथे खूण करावी आणि प्रत्येक आकडा मिश्रणाचा आहे की शुद्ध रूपाचा, हे पडताळावे.

विषारीपणाचा रकाना

सीसी-५० चा, म्हणजे निम्म्या पेशी मारणाऱ्या संहतीचा, आकडा 'पेक्षा अधिक' या चिन्हासह दिला की अनेकजण निर्धास्त होतात. तसे होऊ नये. २०१२ साली बीएमएस-९८६०९४ या प्रोटाइडच्या चाचण्या हृदयविकाराच्या गंभीर घटना आणि एका रुग्णाच्या मृत्यूनंतर बंद कराव्या लागल्या. त्याच्या शर्करेवरही २' मिथाइल होते, पण फ्लोरिन नव्हते आणि बेस ग्वानिनच्या जातीचा होता. २'-मिथाइल ग्वानोसिनचे ट्रायफॉस्फेट मायटोकॉन्ड्रियाचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाचे, आरएनए पॉलिमरेज स्वीकारते, सोफोसबुविरचे सहसा स्वीकारत नाही, असे प्रयोगांत आढळले आहे. त्या हृदयविकारामागे एवढे एकच कारण होते का, याबद्दल मात्र मतांतरे आहेत. म्हणून निबंधात पेशी किती दिवस तपासल्या आणि मायटोकॉन्ड्रियाची वेगळी चाचणी केली का, या दोन गोष्टी प्रायोगिक विभागात जाऊन शोधाव्यात.

सादरीकरणाची तयारी

निबंधानंतर काय घडले, हे अखेरच्या एका स्लाइडवर पुरे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ६ डिसेंबर २०१३ रोजी सोफोसबुविरला मान्यता दिली. बारा आठवड्यांच्या उपचाराची तिथली किंमत ८४,००० डॉलर ठेवली गेली. भारतीय कंपन्यांना २०१४ पासून उत्पादनाचे परवाने मिळाले आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस सीचा उपचार मोफत देण्याची तरतूद झाली.

वीस मिनिटे मिळाली असतील, तर पाच मिनिटे अडचणीला, तीन रचनेच्या चित्राला, आठ कोष्टकाला आणि उरलेली फॉस्फरस व विषारीपणा यांना द्यावीत. कोष्टक जसेच्या तसे पडद्यावर टाकू नये. त्यातल्या चार ओळी निवडून त्या फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहाव्यात. "हाच रेणू का, त्याच्या वरचा का नाही?" असा प्रश्न हमखास येतो, तेव्हा त्या वरच्या ओळीतील रेणूचे आकडेही वहीत तयार ठेवावेत.