केबलविना आणि दरमहा खर्चाविना टीव्ही: खेड्यातील घरी फ्री डिश बसवण्याची रीत

विदर्भातील खेड्यात घराचे उत्पन्न महिन्याच्या हिशेबाने येत नाही. सोयाबीन दिवाळीच्या आसपास विकले जाते, कापूस त्यानंतर घरी येतो आणि शेतमजुराच्या हाती पैसा हंगामातच पडतो. केबलचे किंवा खासगी डीटीएचचे पैसे मात्र बाराही महिने मोजावे लागतात. केवळ जोडणीच्या मूळ मासिक शुल्काचा विचार केला, तरी २०० वाहिन्यांपर्यंत १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, असा दर अनेक वर्षे रूढ होता. वर्षाला हे १,८४० रुपये होतात, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्यावर वेगळे. जवळपास तेवढ्याच रकमेत, म्हणजे साधारण दोन हजार रुपयांत, दूरदर्शनच्या फ्री डिशचे, म्हणजे उपग्रहावरून छत्रीने फुकट टीव्ही दाखवणाऱ्या सेवेचे, सगळे साहित्य एकदाच विकत घेता येते आणि त्यानंतर कोणालाही काही द्यावे लागत नाही. हंगामावर चालणाऱ्या घरासाठी हा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो, म्हणून तो येथे सविस्तर सांगत आहे.

ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली आणि पुढे तिला ‘डीडी फ्री डिश’ हे नाव मिळाले. तिला रिचार्ज नाही, मासिक शुल्क नाही आणि नोंदणीही नाही. त्यामुळे ‘तुमची फ्री डिश बंद होणार आहे, एवढे पैसे भरा’ असा फोन आला, तर तो फसवणुकीचाच समजावा.

घेण्याआधी एक गोष्ट घरातील सर्वांना स्पष्ट सांगावी, म्हणजे नंतर निराशा होत नाही. फ्री डिशवर सह्याद्री, डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी किसान, संसद टीव्ही आणि पहिली ते बारावीच्या अभ्यासाच्या पीएम ई-विद्या वाहिन्या मिळतात. शिवाय हिंदी बातम्या, चित्रपट, भक्तिगीते आणि काही मराठी अशा खासगी वाहिन्याही असतात. या खासगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात, त्यामुळे त्यांची यादी बदलत राहते. ज्या सशुल्क मराठी वाहिन्यांवरील मालिका घरोघरी रोज पाहिल्या जातात, त्या येथे मिळतील असे धरून चालू नये. आयपीएलही येथे मिळेलच असे नाही. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने मात्र २००७ च्या कायद्यामुळे खासगी प्रक्षेपकांना दूरदर्शनलाही द्यावे लागतात, म्हणून ते डीडी स्पोर्ट्सवर पाहता येतात.

साहित्यात ६० सेंटीमीटरची छत्री, तिच्या दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडणारा एलएनबी, सेट टॉप बॉक्स आणि आरजी-६ केबल एवढ्याच वस्तू लागतात. बॉक्स घेताना दुकानदाराकडून एमपेग-४ चाच मागून घ्यावा. जुने एमपेग-२ बॉक्स थोडे स्वस्त पडतात, परंतु बऱ्याच वाहिन्या आता नव्या पद्धतीने येत असल्यामुळे त्या जुन्या बॉक्सवर उमटतच नाहीत. घरी जुना, मागे फुगीर पाठीचा टीव्ही असेल, तर बॉक्सला पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांची जागा आहे की नाही हे दुकानातच पाहून घ्यावे. अलीकडच्या काही एलईडी टीव्हींमध्ये उपग्रहाचा ट्यूनर आधीच बसवलेला असतो. पाठीमागे स्क्रूसारख्या आट्यांची, ‘सॅट’ किंवा ‘एलएनबी’ असे लिहिलेली जोडणी दिसली, तर छत्रीची केबल थेट तेथे लावून बॉक्सचा खर्च वाचवता येतो. बंद केलेल्या खासगी डीटीएचची छत्री घरावर पडून असेल, तर तीही चालते, बहुतेक वेळा तिचा एलएनबीही चालतो. फक्त ती बहुधा दुसऱ्या उपग्रहाकडे रोखलेली असल्याने दिशा बदलावी लागते. त्या कंपनीचा बॉक्स मात्र उपयोगाचा नाही. गडचिरोली किंवा मेळघाटासारख्या भागातील कुटुंबांनी खरेदीपूर्वी ग्रामपंचायतीत चौकशी करावी, कारण जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या ‘बाइंड’ योजनेत दुर्गम, आदिवासी आणि नक्षलप्रभावित भागांसाठी आठ लाखांहून अधिक मोफत बॉक्सची तरतूद होती.

जागा आणि दिशा

सगळे यश छत्रीच्या दिशेवर अवलंबून आहे. फ्री डिशचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते आणि तो विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. विदर्भ त्याच्या पश्चिमेला आणि उत्तरेला असल्यामुळे आपल्याला तो आग्नेयेला दिसतो. नागपूरहून त्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजल्यास सुमारे १४५ अंश आणि क्षितिजापासूनची उंची सुमारे ६० अंश येते. बुलढाण्याकडे दिशा १३८ अंश आणि उंची ५९ अंश, तर गडचिरोलीकडे दिशा नागपूरइतकीच आणि उंची ६२ अंशांच्या जवळ. मोबाईलमधील होकायंत्र एवढ्या कामाला पुरेसे आहे, मात्र ते टिनाच्या पत्र्यांपासून आणि लोखंडी खांबापासून चार पावले दूर उभे राहून पाहावे, कारण लोखंडाजवळ सुई भरकटते.

येथे नवखा माणूस हमखास गोंधळतो. उपग्रह ६० अंशांवर आहे म्हणून तो छत्रीचे तोंड जवळजवळ आभाळाकडे करतो आणि मग तासभर फिरवूनही काही सापडत नाही. या छत्रीत एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला असतो आणि वरून तिरके येणारे किरण त्याच्यावर पडतात. त्यामुळे छत्री प्रत्यक्षात जेथे पाहते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंशांनी उभी दिसते. आपल्याकडे नीट लागलेली छत्री क्षितिजापासून पस्तीस-चाळीस अंशांवर रोखल्यासारखी भासते. शेजारी कोणाकडे फ्री डिश चालू असेल, तर तिच्याकडे पाहून आपल्या छत्रीचा कल तसाच ठेवणे ही सर्वांत सोपी सुरुवात आहे.

उपग्रह इतका उंच असल्याचा एक फायदा असा, की आसपासची झाडे फारशी आड येत नाहीत. छत्रीपेक्षा दहा मीटर उंच असलेला कडुनिंब आग्नेयेला असेल, तर त्याच्यापासून सहा-सात मीटर अंतर सोडले की काम भागते. जागेची खात्री सूर्यावरूनही करता येते: मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या आरंभी, सकाळी अकराच्या सुमारास, सूर्य आपल्याकडून पाहता जवळपास त्याच उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी निवडलेल्या जागेवर झाडाची किंवा भिंतीची सावली पडत नसेल, तर ती जागा मोकळी आहे. याच दिवसांत, याच वेळी, चालू असलेल्या छत्रीचे चित्र काही मिनिटे तुटते. तो बिघाड नसतो, सूर्य सरकला की चित्र आपोआप परत येते.

घर स्लॅबचे असेल तर भिंतीत किंवा कठड्यात फास्टनर ठोकून पाया बसवावा. कवेलूच्या किंवा टिनाच्या छपरावर मात्र छत्री बसवू नये. वाऱ्याने पत्रा हलतो, त्याबरोबर दिशा हलते, आणि माकडांची टोळी छपरावरून उड्या मारत गेली की सगळी मेहनत वाया जाते. अशा घरांसाठी अंगणात दीड-दोन फूट खोल खड्डा घेऊन, त्यात जाड पाईप सिमेंट-गिट्टीत उभा करून, त्यावर छत्री लावावी. उपग्रह उंच असल्याने ती जमिनीपासून चार-पाच फुटांवर असली तरी चालते. पाईप ओळंब्याने अगदी सरळ उभा असावा, कारण तो कललेला असेल तर छत्री फिरवताना तिची उंचीही बदलत जाते. विजेच्या तारांजवळ पाईप उभा करण्याचे धाडस कोणीही करू नये.

सिग्नल पकडणे

छत्रीजवळ एक माणूस आणि आत टीव्हीजवळ दुसरा, अशी ओरडाआरड करण्यापेक्षा टीव्हीच अंगणात आणून बाजेवर ठेवावा आणि लांब वायरने वीज घ्यावी. जोडणी करताना बॉक्स बंद ठेवावा. केबलच्या टोकाला पिन लावताना आतली तांब्याची तार पिनेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर राहील एवढीच ठेवावी आणि बाहेरच्या जाळीचा एकही धागा तिला टेकू देऊ नये. केसासारखा एखादा धागा मधल्या तारेला लागला, तर एलएनबीला वीजच मिळत नाही, आणि मग दोष शोधत माणूस छत्री फिरवत बसतो.

बॉक्सच्या यादीत जीसॅट-१५ किंवा ९३.५ अंश पूर्व हा उपग्रह निवडावा. काही बॉक्समध्ये येथे इन्सॅट-४बी हे नाव असते. तो याच जागी असलेला आधीचा उपग्रह होता, त्यामुळे ते निवडले तरी चालते. एलएनबीचा प्रकार ९७५०/१०६००, फ्रिक्वेन्सी ११०९०, पोलरायझेशन ‘व्ही’ आणि सिम्बॉल रेट २९५०० ठेवले, की पडद्यावर दोन पट्ट्या दिसू लागतात. त्यातील ‘स्ट्रेंथ’ची पट्टी केबल आणि एलएनबी ठीक आहेत एवढेच सांगते, ती छत्री कोणत्याही दिशेला असताना भरलेली राहू शकते, तिच्यावर भरवसा ठेवू नये. पाहायची ती ‘क्वालिटी’ची पट्टी. ती योग्य उपग्रह सापडेपर्यंत शून्यावर असते.

छत्रीचा कल शेजाऱ्याच्या छत्रीसारखा ठेवून ती दक्षिणेकडून पूर्वेकडे अगदी हळू, बोटभर सरकवत न्यावी आणि प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबावे, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. काही मिळाले नाही, तर कल किंचित वर किंवा खाली करून तीच फेरी पुन्हा करावी. क्वालिटी आली तरी वाहिन्या कुलूपबंद दिसत असतील, तर तो बहुधा शेजारचा खासगी सेवेचा उपग्रह असतो. तेथून पुढे शोध चालू ठेवावा. योग्य उपग्रह लागल्यावर शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा-थोडा गोल फिरवून आकडा सर्वाधिक कोठे होतो ते पाहावे. हे काम लोक बहुधा सोडून देतात आणि मग रिमझिम पावसातही चित्र चौकटी-चौकटींत फुटते.

नट आवळताना आकडा पडतो. एका बाजूचा नट पूर्ण आवळला की छत्री त्या बाजूला ओढली जाते, म्हणून सगळे नट आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा देत, नजर पट्टीवर ठेवून आवळावेत. त्यानंतर ‘स्कॅन’ करावे. सगळे ठीक लागल्यावर पाईपवर आणि पायावर रंगाची एक उभी रेघ ओढून ठेवली, तर पुढे छत्री हलली तरी जुनी जागा क्षणात सापडते.

पाऊस, वीज आणि ‘लाईन’

बाहेरच्या पिनेवर चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलातून गळून जाते, बॉक्सपर्यंत पोचत नाही. मुसळधार पावसात थोडा वेळ चित्र जाणे उपग्रहावरून येणाऱ्या लहरींच्या बाबतीत स्वाभाविक आहे, त्यासाठी छत्रीला हात लावू नये.

विजांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. मे-जूनच्या वादळी पावसात आणि परतीच्या पावसात आपल्या भागात विजा पडून दरवर्षी माणसे दगावतात. आभाळ भरून येताच, कडकडाट सुरू होण्याआधीच, बॉक्सचा प्लग आणि छत्रीची केबल दोन्ही काढून ठेवावीत. विजा चमकू लागल्यावर केबलला हात लावू नये आणि छत्रीजवळ जाऊ नये. पाईपला अर्थिंग देणे चांगलेच, पण त्याच्या भरवशावर केबल जोडलेली ठेवू नये.

‘लाईन’ जाण्याचा त्रास असलेल्या गावांत १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा बॉक्स घ्यावा, म्हणजे पुढे सौर पॅनेलची बॅटरी आणि डीसी टीव्ही घेतला तर तोच कामी येतो. ३२ इंची एलईडी टीव्हीला सुमारे ५० वॉट आणि बॉक्सला १० वॉट धरले, तर रोज पाच तास पाहूनही महिन्याला नऊ युनिटच्या आसपास वीज लागते. उन्हाळ्यात बॉक्स टीव्हीच्या मागे कोंडून किंवा कपड्याखाली झाकून ठेवू नये; पंचेचाळीस अंशांच्या उन्हात टिनाच्या घरात तो तापून बंद पडतो.

दोन भावांची घरे एकाच अंगणात असतील, तर दुसरी छत्री घेण्याऐवजी दोन तोंडांचा ट्विन एलएनबी लावावा. छत्री एकच राहते, दोन्ही घरांत बॉक्स वेगळे आणि वाहिन्याही आपापल्या.

मोबाईलवरही प्रसार भारतीचे ‘वेव्हज’ हे अ‍ॅप नोव्हेंबर २०२४ पासून उपलब्ध आहे आणि त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. वावरात किंवा बाहेरगावी ते सोयीचे आहे, परंतु साध्या दर्जाच्या चित्रालाही तासाला पाऊण ते एक जीबी डेटा लागत असल्यामुळे दीड जीबीचा रोजचा पॅक दोन तासांत संपतो. कुटुंबाने एकत्र पाहण्यासाठी छत्रीच परवडते. ‘सगळ्या सशुल्क वाहिन्या फुकट’ म्हणून विकले जाणारे बॉक्स बेकायदेशीर असतात आणि बहुधा काही आठवड्यांतच बंद पडतात. त्यात पैसे घालू नयेत.

जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या अँटेनाविषयी अजूनही विचारणा होते. दूरदर्शनने आपली बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे मार्च २०२२ पर्यंत बंद केली आहेत, त्यामुळे तो अँटेना भंगारात देण्यास हरकत नाही. फ्री डिशवरील एखादी वाहिनी अचानक दिसेनाशी झाली, तर छत्री फिरवण्याआधी मेनूमधून नव्याने स्कॅन करावे. विशेषतः एप्रिलच्या सुरुवातीला, कारण बरेच बदल तेव्हाच होतात. स्कॅननंतरही ती मिळाली नाही आणि बाकीच्या वाहिन्या स्वच्छ दिसत असतील, तर ती वाहिनीच यादीतून गेली आहे, आणि छत्री, केबल व बॉक्स यांपैकी कशालाही हात लावण्याची गरज नाही.