पातळ शौचाचा नमुना आधी बघा

पातळ शौचाचा नमुना आला की हातातलं काम बाजूला ठेवा आणि शौच झाल्यापासून ३० मिनिटांच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बघा. अमिबाचे ट्रोफोझोइट, म्हणजे त्याची हलतीफिरती अवस्था, शरीराबाहेर फार तग धरत नाहीत. गोल होऊन निपचित पडले की पांढऱ्या पेशींपासून वेगळे ओळखणं महाकठीण. आव किंवा रक्त दिसलं तर नेमका तोच भाग काडीने उचला. फ्रिजमध्ये ठेवू नका, हालचाल थांबते.

स्लाइडवर एकीकडे सलाइनचा थेंब, दुसरीकडे आयोडीनचा. सलाइन आधी, कारण आयोडीनने ट्रोफोझोइट मरतात. थर इतकाच पातळ की त्यातून खालची छापील अक्षरं वाचता यावीत.

आयोडीनमध्ये सिस्टची, म्हणजे अमिबाच्या कवचबंद अवस्थेची, केंद्रकं उठून दिसतात. फाइन फोकस सावकाश वरखाली करत मोजा, घाई नको. पक्व सिस्टमध्ये ४ असतील तर आजार करणारा एन्टअमिबा हिस्टोलिटिका, किंवा हुबेहूब तसाच दिसणारा निरुपद्रवी डिस्पार. ८ असतील तर एन्टअमिबा कोलाय, ज्याला औषध लागत नाही. ट्रोफोझोइटने गिळलेल्या तांबड्या पेशी दिसल्या तर हिस्टोलिटिकाचा संशय बळावतो, ते रिपोर्टमध्ये जरूर लिहा.

काहीच सापडलं नाही तर वेगवेगळ्या दिवशीचे ३ नमुने मागवा. सिस्ट रोज पडतातच असं नाही.