वजनं आणि हिट एकत्र करताय? मग या चुका टाळा

पोलीस भरतीची जाहिरात पडली की आमच्या कोल्हापूरच्या जिमच्या दारात दोन तऱ्हेची पोरं येतात. एकाला गोळाफेकीसाठी खांद्यात ताकद हवी असते, दुसऱ्याला 1600 मीटरच्या शेवटच्या चारशेत जीव जातो म्हणून दम वाढवायचा असतो. मैदानी चाचणी 50 गुणांची. त्यात पोरांना 1600 मीटरला 20, शंभर मीटरला 15 आणि गोळ्याला 15, म्हणजे ताकद आणि दम दोन्ही लागतंच. त्यांच्या मागोमाग लग्न ठरलेले, पोट सुटलेले, रीळ बघून आलेले असतात. सगळ्यांचा प्रश्न एकच: वजनं पण उचलायची आणि हिट (थोडा वेळ जीव तोडून जोर, मग आराम, असे राउंड) पण मारायचं, कसं बसवू?

बसतं. पण सगळं एकदम आणि रोज करायला गेलं की बसत नाही. शरीराला आठवड्यात जोराचे दिवस मोजकेच झेपतात. जड स्क्वॅट (वजन घेऊन बैठक) काय, जीव तोडून पळणं काय, दोन्ही त्यातूनच वजा होतं. हे पोरांच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून त्याच त्या चुका दर वर्षी नव्या चेहऱ्यांनी समोर येतात.

लेग डेच्या दुसऱ्या दिवशी डोंगर

माझ्या दृष्टीनं ही सगळ्यात महाग चूक. तिची एक गोष्ट सांगतो.

कळंब्याकडचा एक पोरगा भरतीची तयारी करत होता. आमच्याकडे नव्हता, दुसऱ्या एका जिमला जायचा. तिथं कुणीतरी महिन्याभराचं चॅलेंज लावलेलं. शनिवारी संध्याकाळी त्यानं स्क्वॅट मारले, त्यावर लंजेस, त्यावर लेग प्रेस, शेवटी पाय थरथरेपर्यंत उड्या. रविवारी पहाटे दोस्तांनी उचललं, "चल भावा, जोतिबाला". चढावर शर्यत लावून पळाले आणि उतारावर त्याहून जोरात. सोमवारी पोरगा जिना उतरताना कठड्याला धरून उलटा उतरत होता. सगळे हसले. पाय भरून आलेत, होतंय की, म्हणून त्यानं मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या आणून खाल्ल्या.

मंगळवारी त्याचा भाऊ माझ्याकडे आला. मांड्या सुजून पँट चढेना आणि लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागलेली. मी पुढचं काही विचारलं नाही, आधी डॉक्टर गाठायला लावला. रक्ततपासणीत सीपीके, म्हणजे स्नायू फुटले की रक्तात वाढणारा घटक, हजारोंच्या घरात निघालं. सलाईन लावून दवाखान्यात ठेवलं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात: स्नायू इतके फुटतात की त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि किडनीला गाळता गाळता जड जातं. वर दुखणं मारणाऱ्या गोळ्या खाल्ल्या की त्याच किडनीवर आणखी भार. पोरगा बरा झाला, पण त्याचं मैदान हुकलं. त्या जिममधलं चॅलेंज मात्र पुढच्या महिन्यात पुन्हा लागलं.

यात उताराचा वाटा मोठा होता. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि नेमकं तेच काम त्याला सगळ्यात जास्त फोडतं. स्क्वॅटमध्ये खाली जातानाही तेच होतं. म्हणजे आदल्या संध्याकाळी ज्या धाग्यांना मार बसला, त्यांनाच बारा तासांत पुन्हा मार.

माझी सवय अशी: जड पायांनंतर 48 तास पळण्याचं कुठलंही जोराचं काम नाही. हिट करायचंच असेल तर वरच्या अंगाच्या दिवशी, आणि जमिनीवर पळण्याऐवजी स्पिन बाईकवर, म्हणजे जिममधल्या जागेवरच्या सायकलवर. पेडल मारताना पायाला आपटणं नाही, उतरताना लागतो तसला ब्रेक नाही. दम तेवढाच लागतो आणि दुसऱ्या दिवशी जिना सरळ तोंडानं उतरता येतो. भरतीच्या पोरांना पळावं लागणारच, त्यांनी वजनं कमी करावीत. 1600 मीटर बाईकवर बसून निघत नाही.

आणि लघवीचा रंग बदलला तर जिमच्या ट्रेनरला विचारू नका, मलाही विचारू नका. थेट दवाखाना.

पंचेचाळीस मिनिटांचं हिट

असं काही नसतं. पंचेचाळीस मिनिटं जे चालतं त्याला धापा टाकत केलेला साधा कार्डिओ म्हणायचं.

ताबाता हे नाव सगळ्यांच्या तोंडात आहे. मूळ पद्धत जपानच्या स्पीड स्केटिंग संघाच्या प्रशिक्षकाची, इझुमी ताबाता यांनी ती प्रयोगशाळेत तपासून 1996 साली प्रसिद्ध केली. 20 सेकंद जोर, 10 सेकंद थांबा, असे सात-आठ राउंड. सगळं मिळून चार मिनिटं. सायकलवर. आणि त्या 20 सेकंदांचा जोर इतका की आठव्या राउंडनंतर नववा निघू नये. आपल्याकडे त्याच नावाखाली बर्पी, माउंटन क्लायंबर, दोरी, परत बर्पी असं तासभर चालतं आणि मध्ये मोबाईलवर स्टेटस पण टाकून होतं.

मी एक साधी परीक्षा घेतो. शेवटच्या राउंडनंतर पोराला विचारतो, "काय मर्दा, कसं वाटतंय?" त्यानं पूर्ण वाक्यात उत्तर दिलं तर ते हिट झालं नाही. हातानंच "थांब" म्हणाला तर झालं.

खरं हिट आठवड्यातून दोनदा पुरे. नवख्याला एकदाच. मी 20 ते 30 सेकंद जोर आणि दीड ते दोन मिनिटं आराम, असे सहा ते आठ राउंड देतो. दहा सेकंदांचा थांबा नवख्याला देतच नाही, कारण तिसऱ्या राउंडपासून त्याचा जोर संपलेला असतो आणि उरलेलं सगळं ओढाताण. एखाद्या राउंडला वेग उघडच कमी झाला की तिथंच थांबवायचं. यावर पोरं नाराज होतात. पैसे भरलेत तर घाम निघालाच पाहिजे असा हिशेब असतो. घामच काढायचा असेल तर एप्रिलमध्ये दुपारी महाद्वार रोडला उभं राहिलं तरी निघतो.

आधी हिट, मग वजनं

पळून आलेल्या पायांनी डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलणं) मारला की कंबर वाकते. ताकद वाढवायची असेल तर वजनं आधी, हिट नंतर. त्याहून चांगलं म्हणजे एक सकाळी, एक संध्याकाळी, मध्ये निदान सहा तास.

"कार्डिओनं ताकद जाते" म्हणून पळणंच सोडणं

ही उलट बाजूची चूक, आणि ती करणारे आपल्याला जाणकार समजतात. या भीतीचं मूळ 1980 सालच्या एका अभ्यासात आहे. अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी दहा आठवडे तीन गट चालवले: एक फक्त वजनांचा, एक फक्त दमाचा, एक दोन्हीचा. दोन्ही करणाऱ्यांची पायांची ताकद सात आठवड्यांपर्यंत चांगली वाढली, मग अडली आणि शेवटी उतरू लागली. एवढंच ऐकून लोकांनी धावणं सोडलं. पण त्या गटाकडून आठवड्याला पाच दिवस वजनं आणि सहा दिवस जोराचा कार्डिओ करून घेतला होता, हे कुणी सांगत नाही. एवढं केल्यावर अडणारच. आठवड्याला दोन छोटी हिट केल्यानं कुणाचं स्क्वॅटचं वजन घटल्याचं मी पाहिलेलं नाही. घटतं ते न खाल्ल्यानं आणि न झोपल्यानं.

भात बंद, भाकरी बंद

हिटचं इंधन म्हणजे स्नायूत साठलेलं ग्लायकोजन, आणि ते भात-भाकरीतून भरतं. सोमवार ते शनिवार काकडी खायची आणि रविवारी तांबडा-पांढरा ओरपून सगळी कसर काढायची, हा प्रकार मी नेहमी बघतो. रविवारच्या मटणाला माझी ना नाही. आधीच्या सहा दिवसांना आहे. प्रथिनं वजनाच्या दर किलोला साधारण 1.6 ग्रॅम धरा, म्हणजे 70 किलोच्या माणसाला 110 च्या आसपास. लिटरभर दुधात तीसेक ग्रॅम येतात, एका अंड्यात सहा. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गर्दी करणाऱ्या गावात प्रथिनांच्या पावडरीचा डबा नाही म्हणून कुणाचं अंग अडू नये. नवरात्राचे नऊ उपवास धरणाऱ्यांनी त्या आठवड्यात हिट बंद ठेवावं, वजनं हलकी करावीत. अंबाबाई रागावणार नाही.

पैलवानाची मेहनत घेतली, झोप नाही घेतली

कोल्हापुरात व्यायामावर काही सांगायला गेलं की समोरून तालीम येते. "आमचा आज्जा हजार बैठका मारायचा, तुम्ही 48 तास काय सांगताय?"

मारायचा. पण त्या दिवसाचं बाकीचं बघा की. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीतल्या पैलवानाचा दिवस पहाटे सुरू होतो. जोर, बैठका, मातीतली लढत. मग बदामाची थंडाई, तूप, दूध, जेवण, आणि दुपारी अंग टाकून झोप. संध्याकाळची मेहनत त्या झोपेनंतर. वस्ताद जेवढं बारकाईनं डावाकडे बघतो, तेवढंच पोरगं किती खातंय आणि कधी झोपतंय याकडे. लढतीच्या जोरावर आणि बैठकांच्या आकड्यावरही त्याचाच लगाम असतो. जोड, म्हणजे ठरलेली कुस्ती, तोंडावर आली की मेहनत हलकी होते.

आमच्याकडे येणारा पोरगा पहाटे पाचला पोलीस ग्राउंडवर पळतो, दिवसभर दुकानात किंवा एमआयडीसीत उभा असतो, रात्री आठला जिमला येतो, साडेआठला प्री-वर्कआउट मारतो आणि दोनपर्यंत मोबाईल बघतो, कारण त्या पावडरीतलं कॅफिन त्याला झोपू देत नाही. पहाटे पाचला परत ग्राउंड. यात हजार बैठका कुठं बसवायच्या? आज्ज्याला तीन तासांची दुपार होती. तुम्हाला नसेल तर मेहनत तेवढ्यानं कापा.

म्हणून मी नवख्याला वहीत सगळ्यात आधी झोप लिहायला लावतो, वजनं नंतर. सात तासांच्या खाली दोन रात्री गेल्या की त्या दिवशीचं हिट आपोआप रद्द, माझ्याशी वाद घालायचा नाही. दुसरी गोष्ट सकाळची नाडी. डोळा उघडल्यावर अंथरुणातच मोजायची. आठवडाभर मोजली की आपला नेहमीचा आकडा कळतो. तो सलग दोन दिवस सात-आठ ठोक्यांनी वर दिसला, भूक मेली, चिडचिड वाढली, कालचं सोपं वजन आज हातातून सुटायला लागलं, तर शरीर मागे पडलंय असं समजायचं आणि आठवडाभर अर्ध्यावर यायचं.

पोरं नेमकं उलट करतात. वजन हलेना म्हणून आणखी एक दिवस वाढवतात. आठवडा-दोन आठवड्यांच्या आरामानं सुटणारा थकवा मग महिनोन्महिने चिकटतो. खरं ओव्हरट्रेनिंग तेच.

मग आठवडा कसा लावू?

मी लावतो तसा सांगतो, तो काही शास्त्रात लिहिलेला नाही. सोमवारी वरचं अंग. मंगळवारी स्क्वॅट, बाकी काही नाही. बुधवारी रंकाळ्याला चालणं, बोलता येईल अशा चालीनं. गुरुवारी वरचं अंग आणि शेवटी बाईकवर हिट. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी सकाळी डेडलिफ्ट, आणि तब्येत ठणठणीत असेल तरच संध्याकाळी दुसरं छोटं हिट, तेही बाईकवरच. रविवारी काही नाही, म्हणजे खरंच काही नाही. पन्हाळ्याला सायकल मारत जाणं हे "काही नाही"मध्ये येत नाही. दर पाचव्या आठवड्याला सेट निम्मे. भरतीवाल्यांनी गुरुवारचं हिट मैदानावर 400 मीटरच्या फेऱ्यांत करावं आणि शनिवारचा डेडलिफ्ट हलका ठेवावा.

उरलेल्या बारीकसारीक

वॉर्म-अप न करता पहिलाच स्प्रिंट पूर्ण जोरात मारू नका, मांडीचा मागचा स्नायू तिथंच धरतो.

बूट फाटेपर्यंत वापरू नका.

दमलेल्या अंगानं बॉक्स जंप नको. नडगी सोलून निघते, आणि लोखंडी बॉक्स असेल तर टाके पडतात.

अंग बनवायच्या गोळ्या-इंजेक्शनांचा विषय काढणाऱ्याशी मी बोलतच नाही, पैसे परत देऊन पाठवतो.

ताप येऊन गेल्यावर किंवा गावच्या जत्रेत आठ दिवस मोडल्यावर पोरं पहिल्याच दिवशी जुन्या वजनाला हात घालतात. पहिले दोन-तीन दिवस निम्म्या वजनावर काढा आणि हिट दुसऱ्या आठवड्यापासून धरा. तापानंतर छातीत धडधड किंवा चक्कर जाणवत असेल तर ते सुद्धा नाही, आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.