व्यसनातून सावरणाऱ्या माणसांसोबत नाटक, भिंतचित्र करताय? या चुका टाळा

सांगलीत व्यसनमुक्तीसाठी 'कलेचं काहीतरी' करायचं म्हटलं की पहिलं निघतं पथनाट्य. साहजिक आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' इथंच उभं केलं, गाव नाट्यपंढरी म्हणून मिरवतं. मग दारुड्याचं काम कुणाला? जो नुकताच दारूतून बाहेर आलाय त्याला. 'त्याला अनुभव आहे की!' मीही एकदा दिलं. गृहस्थांची दारू सुटून तीन महिने झाले होते. तालमीत रिकामी बाटली घेऊन त्यांनी दोन झोकांड्या खाल्ल्या, सगळे हसले. त्यांची बायको कोपऱ्यात बसून पदराचं टोक पिळत होती. तालीम संपल्यावर म्हणाले, "सर, एवढं एक सोडून कुठलंबी काम द्या. पडदा ओढतो."

बाटली, ग्लास, झिंगण्याची नक्कल, यांनी तलफ चाळवते. बाटली रिकामी आहे हे डोक्याला कळतं, तलफेला कळत नाही. आता आमच्या नाटकात दारुडा नसतोच. भिंतीवरही कवटी आणि फुली मारलेली बाटली मी काढू देत नाही. ज्याला ती भिंत रोज ओलांडून घरी जायचंय, त्याला कृष्णेचा घाट काढू दे, हळदीचं शेत काढू दे, मिरजेचा तंबोरा काढू दे.

रंग आणताना होणारी चूक याहून धोक्याची. ऑइलपेंट घेतला की मागोमाग थिनर आला. थिनर हुंगून नशा करतात. पंक्चरचं सोल्यूशन आणि व्हाइटनरचंही तेच. आमच्याकडं एक पोरगा ब्रश धुवायला कायम पुढं. चार दिवस मी त्याचं कौतुक केलं, पाचव्या दिवशी त्याच्या खिशातलं फडकं बघितलं. चूक माझी होती, डबा मीच आणला होता. बाहेरच्या भिंतीला ॲक्रिलिक इमल्शन घ्या, ब्रश नळाखाली धुऊन निघतात. आणि पावसाळ्याच्या तोंडावर भिंत धरू नका. ओलीनं पोपडे सुटतात, आपलं काम महिन्याभरात गळून पडलेलं बघणं या मंडळींना फार लागतं.

काही घरचे उत्साहानं आजच दारू बंद करून उद्या माणसाला आमच्याकडं आणून बसवतात. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर पहिले काही दिवस फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. तो काळ डॉक्टरांचा, चित्रकलेचा नव्हे. कुठं न्यायचं कळत नसेल तर १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारा, फोन मोफत आहे. पुढंही काही दिवस हात थरथरतो. अशा हातात बारीक ब्रश दिला की 'मला जमत नाही' हे त्याचं जुनं वाक्य आपणच खरं करतो. स्पंज द्या, रोलर द्या, माती द्या.

वेळ सकाळी दहाची ठेवू नका. ती आपल्या सोयीची. काम सुटल्यावर पाय गुत्त्याकडं वळतात तेव्हा, सहा ते आठ, दार उघडं पाहिजे. मानधन द्यायचं असेल तर शेवटच्या दिवशी रोख पाकीट नको. घरचं कोण सोबत असेल, की खात्यावर टाकायचं, हे त्यालाच आधी विचारा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकताना चेहरा आणि नाव टाळा. 'हो' म्हणाला तरी आठवडाभरानं पुन्हा विचारा. उद्घाटनाच्या गडबडीत माणूस कशालाही हो म्हणतो. बायका-पोरांनाही ब्रश हवा असतो, त्यांना चहापुरतं बोलावू नका.

आणि कुणी घसरला तर? पिऊन आला तर त्या संध्याकाळी आत घ्यायचं नाही, पण घरापर्यंत पोचवायचं. दुसऱ्या दिवशी फोन करायचा. त्याच्या वाट्याची भिंत दुसऱ्याला द्यायची घाई करू नका. आमच्या घाटाच्या चित्रात एका नावेची नुसती पेन्सिलची रेघ होती, सव्वा महिना. बाकीच्यांनी तिच्या कडेनं पाणी रंगवलं. मालक आले, नाव हिरवी केली.